फ्रान्समधील छोटे गाव आणि त्याचा कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान फ्रान्समधील शंभर-दोनशे ते हजारभर वस्तीच्या गावांविषयी आहे. शहरांना लागू असलेले नियम काही बाबतींत वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत. आल्सास आणि मोझेल या पूर्व सीमेवरील भागांत जेथे अपवाद आहे, तेथे तो नमूद केला आहे.

फ्रान्समध्ये गावाचे प्रशासकीय स्थान काय आहे?

गाव म्हणजे ‘कम्यून’. क्रांतीच्या वर्षी, १४ डिसेंबर १७८९ च्या हुकुमाने जुन्या धर्मपरगण्यांच्या आणि वस्त्यांच्या जागी कम्यून निर्माण झाल्या आणि आजच्या कारभाराचा पाया ५ एप्रिल १८८४ च्या कायद्याने घातला. फ्रान्समध्ये ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका अशी उतरंड नाही. साठ माणसांच्या डोंगरी गावाचा मेयर आणि मोठ्या शहराचा मेयर एकाच नावाचे पद भूषवतात आणि त्यांच्या बहुतेक मूलभूत जबाबदाऱ्याही सारख्याच असतात. देशात सुमारे ३५ हजार कम्यून असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी पाचशेपेक्षा कमी लोक राहतात.

टोकाची उदाहरणेही आहेत. द्रोम जिल्ह्यातील रॉशफुर्शा या कम्यूनमध्ये अनेक वर्षे जनगणनेत एकच कायमचा रहिवासी नोंदला जात असे, तरीही तिला परिषद आणि मेयर होते. व्हर्डनजवळची सहा गावे तर पहिल्या महायुद्धात १९१६ साली पार उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा वसलीच नाहीत. पण ‘फ्रान्ससाठी प्राण दिलेली गावे’ म्हणून त्यांचे कम्यूनपण कायम ठेवण्यात आले. तेथे मतदारच नसल्याने प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातील केंद्र सरकारचा प्रतिनिधी, मेयरची नेमणूक करतो.

इतक्या लहान गावांचे विलीनीकरण का होत नाही?

प्रयत्न पुष्कळ झाले. १९७१ च्या कायद्याने विलीनीकरणाची मोठी मोहीम काढली, ती जवळजवळ फसली. २०१० च्या कायद्याने ‘नवी कम्यून’ हा प्रकार आणला आणि २०१५ मध्ये त्याला आर्थिक प्रोत्साहन मिळाल्यावर मात्र सुमारे अडीच हजार जुन्या कम्यून एकमेकींत मिसळल्या. २०१४ च्या आरंभी ३६,६८१ असलेली संख्या २०२० पर्यंत ३५ हजारांच्या खाली आली. विलीन झालेल्या गावात ‘प्रतिनियुक्त मेयर’ आणि छोटी उपकचेरी ठेवता येते, यावरून लोकांना नेमके काय सोडवत नाही हे कळते.

कागदावर पाहिले तर ही रचना उधळपट्टीची वाटते. प्रत्यक्षात लहान गावांतील बहुतेक सदस्य एक पैसाही न घेता काम करतात. त्यांच्या जागी पगारी नोकर नेमले, तर बचत होईल असे मानण्यास फारसा आधार नाही.

परिषदेची निवडणूक कशी होते?

परिषदेची मुदत सहा वर्षांची असते. वस्ती शंभरापेक्षा कमी असेल तर ७ जागा, १०० ते ४९९ असेल तर ११ आणि ५०० ते १,४९९ असेल तर १५ जागा असतात. मतदार गावचा रहिवासी असलाच पाहिजे असे नाही. गावात घर किंवा जमीन असून सलग दोन वर्षे स्थानिक कर भरणाऱ्यालाही तेथे नाव नोंदवता येते. त्यामुळे पॅरिसमध्ये राहणारा आणि उन्हाळ्यात गावच्या घरी येणारा माणूसही सदस्य होऊ शकतो, मात्र अशा बाहेरच्या सदस्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घातली आहे.

हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत २०२० च्या निवडणुकीपर्यंत एक खास पद्धत होती. छापील मतपत्रिकेवरील नको असलेली नावे मतदार पेनने खोडत असे, हवी ती उमेदवारांची नावे हाताने लिहीत असे आणि दोन गटांतील माणसे एकत्रही करीत असे. मते गटाला पडत नसत, माणसाला पडत. रात्री निकाल वाचला जाई तेव्हा कोणाच्या नावावर किती जणांनी काट मारली हे सगळ्या गावाला कळे. मावळत्या मेयरला स्वतःच्याच गटातील नवख्यांपेक्षा कमी मते पडणे, हा न बोलता दिलेला निरोप असे.

२१ मे २०२५ च्या कायद्याने ही पद्धत संपवली. मार्च २०२६ पासून लहान गावांतही पूर्ण यादीला मत द्यावे लागते, यादीत स्त्री आणि पुरुष उमेदवार एकाआड एक असावे लागतात आणि नाव खोडलेली मतपत्रिका बाद ठरते. उमेदवार मिळण्याची अडचण ओळखून यादीत दोन नावे कमी ठेवण्याची सवलत दिली आहे. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वासाठी हा बदल आवश्यक होता, असे माझे मत आहे. मात्र ज्या गावात एकच यादी उभी राहते तेथे मतदाराच्या हातात पूर्वी असलेले एकमेव हत्यार गेले, ही तक्रारही खोटी नाही.

मतदानाचा दिवस प्रत्यक्षात कसा असतो?

मतदान रविवारी, बहुधा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत, गावकचेरीच्या किंवा शाळेच्या खोलीत होते. मतदान यंत्र नसते. टेबलावरून मतपत्रिका आणि लिफाफा घ्यायचा, पडद्याआड जाऊन पत्रिका लिफाफ्यात घालायची आणि पारदर्शक पेटीसमोर यायचे. अध्यक्ष ओळख पटवून खटका दाबतो, फट उघडते, लिफाफा आत पडतो आणि तो मोठ्याने ‘आ व्होते’ म्हणजे ‘मत दिले’ असे जाहीर करतो. मतदार नोंदवहीत आपल्या नावासमोर सही करतो.

मोजणी त्याच खोलीत, लगेच आणि सर्वांसमक्ष होते. ती सरकारी कर्मचारी करीत नाहीत. दिवसभरात मतदानाला आलेल्यांपैकी तयार असणाऱ्यांना चार-चार जणांच्या टेबलावर बसवतात. एक जण लिफाफ्यातून पत्रिका काढून उलगडतो, दुसरा मोठ्याने वाचतो, उरलेले दोघे वेगवेगळ्या तक्त्यांवर रेघा मारतात आणि शेवटी दोन्ही तक्ते जुळावे लागतात. दोनशे मतदारांच्या गावात तासाभरात निकाल लागतो आणि हरलेलाही तेथेच उभा असतो.

मेयर थेट जनतेतून निवडला जातो का?

नाही. मतदार परिषद निवडतात आणि परिषद मेयर निवडते. निकालानंतरच्या शुक्रवार ते रविवार या दिवसांत पहिली बैठक होते. सर्वांत वयस्क सदस्य अध्यक्षस्थानी बसतो आणि मतदान गुप्त असते. पहिल्या दोन फेऱ्यांत पूर्ण बहुमत लागते, तिसऱ्या फेरीत सर्वाधिक मते पुरतात आणि बरोबरी झाली तर वयाने मोठा उमेदवार निवडून येतो.

महाराष्ट्रातील वाचकांना यापुढील बाब विशेष वाटेल: फ्रान्समध्ये मेयरवर अविश्वास ठराव आणण्याची सोयच नाही. एकदा निवडलेल्या मेयरला परिषद काढू शकत नाही. मंत्री त्याला जास्तीत जास्त एक महिना निलंबित करू शकतो आणि पदच्युत करायचे झाल्यास मंत्रिमंडळाच्या बैठकीत हुकूम काढावा लागतो. परिषदेशी मेयरचे पूर्ण फाटले, तर बहुतेक सदस्य राजीनामे देतात आणि परिषदेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते.

मेयरचे नेमके काम काय?

त्याच्या डोक्यावर दोन टोप्या असतात. एकीने तो गावाचा कारभारी असतो: परिषदेचे ठराव अमलात आणणे, अंदाजपत्रक मांडणे, कर्मचारी, रस्ते, शाळा आणि दफनभूमी सांभाळणे ही त्याची कामे. दुसरीने तो केंद्र सरकारचा गावातील प्रतिनिधी असतो: जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी करणे, निवडणुका घेणे, कायद्यांची प्रसिद्धी करणे. फ्रान्समध्ये केवळ नागरी विवाहालाच कायदेशीर मान्यता आहे आणि धार्मिक विधी त्यानंतरच करता येतो. त्यामुळे तिरंगी पट्टा घालून, दार उघडे ठेवून, नागरी संहितेतील पती-पत्नीच्या कर्तव्यांची कलमे वाचून दाखवणारा मेयर किंवा उपमेयर प्रत्येक लग्नात असतो.

खरा वेळ मात्र तिसऱ्याच गोष्टीत जातो. सार्वजनिक शांतता, सुरक्षितता आणि स्वच्छता राखण्याचा पोलिसी अधिकार मेयरकडे आहे. रस्त्यावर झाड पडले, कोणाची गुरे कुंपण तोडून हमरस्त्यावर आली, पडके घर शेजाऱ्याच्या अंगणात कोसळायला आले, भटका कुत्रा मेंढ्यांच्या मागे लागला, की रात्री दोन वाजता फोन मेयरलाच येतो. गावात पोलीस ठाणे नसते. अनेक गावांसाठी मिळून जाँदार्मरीचे, म्हणजे ग्रामीण भाग सांभाळणाऱ्या राष्ट्रीय पोलीस दलाचे, एक पथक असते आणि ते पोहोचेपर्यंत मेयर कंदील घेऊन गुरे हाकत असतो.

हे काम धोक्याचेही असू शकते. वार जिल्ह्यातील सिन्य या गावाचे मेयर ज्याँ-मात्य मिशेल १९८३ पासून पदावर होते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी रस्त्याच्या कडेला बेकायदा राडारोडा टाकणाऱ्यांना त्यांनी हटकले आणि त्या लोकांच्या व्हॅनखाली सापडून मिशेल यांचा मृत्यू झाला. ते ७६ वर्षांचे होते. त्या धक्क्यातून डिसेंबर २०१९ च्या कायद्यात मेयरांचे दंडाचे अधिकार वाढवण्यात आले.

त्यांना पगार मिळतो का?

पगार नाही, भत्ता मिळतो. पाचशेपेक्षा कमी वस्तीच्या गावातील मेयरचा कमाल भत्ता २०२४ साली कपातीपूर्वी महिन्याला सुमारे १,०४८ युरो होता, जो देशाच्या किमान वेतनापेक्षा बराच कमी आहे. साधे सदस्य सहसा काहीच घेत नाहीत. म्हणूनच लहान गावांत निवृत्त माणसे आणि शेतकरी मोठ्या संख्येने मेयर दिसतात. रोज शहरात कामाला जाणाऱ्या तरुण आईबापांना हे पद परवडत नाही.

गावकचेरीत कोण बसते?

मोठ्या गावांचे ठीक आहे. लहान गावात एकच व्यक्ती असते, ती म्हणजे सचिव, आणि ती बहुतेकदा स्त्री असते. कचेरी आठवड्यातून दोन किंवा तीन अर्धे दिवस उघडी असते, कारण तीच सचिव उरलेल्या दिवशी शेजारच्या दोन-तीन गावांत काम करते. मतदार यादी, विवाहाची कागदपत्रे, दफनभूमीतील जागांचे करार, बांधकामाचे अर्ज, कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक, अंदाजपत्रक, अनुदानाचे प्रस्ताव आणि परिषदेचे इतिवृत्त हे सारे तिच्याच हातून जाते. आपल्याकडे ग्रामसेवकाला जसे शासनाचे प्रत्येक खाते आपलाच माणूस समजते, तसेच तिचेही होते. फरक एवढाच की ती शासनाची नव्हे, तर कम्यूनची नोकर असते.

फ्रेंच गावकारभाराबद्दलच्या बहुतेक लेखनात मेयरचे कौतुक असते आणि सचिव एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते हे उलटे आहे. मेयर सहा वर्षांनी बदलू शकतो. कोणत्या विहिरीचा वाद १९९० पासून चालू आहे, कोणत्या कुटुंबाची थडग्याची मुदत संपत आली आहे आणि उपप्रीफेक्टच्या कचेरीत कोणत्या टेबलाला फोन करायचा, हे सचिवाला ठाऊक असते. या पदावरील अनेक जणी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आल्या आणि जागा भरेनात, तेव्हा ३० डिसेंबर २०२३ च्या कायद्याने पदाचा दर्जा आणि बढतीच्या संधी सुधारल्या. सचिवाची जागा रिकामी राहिली तर नवख्या मेयरचे पहिले वर्ष कागदांत बुडून जाते.

ग्रामसभा असते का?

नाही, आणि हा महत्त्वाचा फरक आहे. परिषदेची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते आणि ती सर्वांना खुली असते. गावकरी मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकू शकतात; बोलण्याचा हक्क त्यांना नसतो. बैठक क्षणभर तहकूब करून मेयर त्यांचे म्हणणे ऐकतो, अशी पळवाट अनेक ठिकाणी वापरली जाते.

द्रोम जिल्ह्यातील सुमारे बाराशे वस्तीच्या साय्याँ या गावाने वेगळा प्रयत्न केला. २०१४ मध्ये तेथील नागरिकांच्या यादीने पहिल्याच फेरीत बहुमत मिळवले आणि रस्ते, शाळा, पर्यावरण अशा विषयांवर गावकऱ्यांच्या खुल्या समित्या नेमल्या. पत्रकारांची रीघ लागली. २०२० मध्ये मात्र ती यादी थोडक्या मतांनी हरली. सतत बैठकांना येणारे आणि न येणारे असे दोन तट गावात पडले होते, ही टीका तेव्हा वारंवार झाली.

गावाचा पैसा कोठून येतो?

मुख्य स्रोत दोन. पहिला म्हणजे घरे आणि जमिनी यांच्या मालकांकडून येणारा मालमत्ता कर, ज्याच्या दरावर परिषद मत देते. राहत्या घरावरील निवास कर २०२३ पर्यंत पूर्ण रद्द झाला. तो आता दुय्यम घरांवर उरला आहे, म्हणून समुद्रकाठच्या किंवा डोंगरातील सुट्टीच्या गावांना तो महत्त्वाचा वाटतो. दुसरा स्रोत केंद्राचे सर्वसाधारण अनुदान. याखेरीज गावाच्या मालकीचे जंगल, भाड्याने दिलेली घरे आणि सभागृहाचे भाडे यांतून थोडेफार येते.

अंदाजपत्रक साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत, निवडणुकीच्या वर्षी ३० एप्रिलपर्यंत मंजूर करावे लागते. ते तोट्याचे असू शकत नाही आणि रोजच्या खर्चासाठी कर्ज काढता येत नाही. मेयर खर्चाचा आदेश देतो, पण पैशाला हात लावत नाही. पैसे देण्याचे काम अर्थखात्याचा लेखापाल करतो आणि कागद अपुरा असेल तर बिल परत पाठवतो.

शाळेचे छप्पर बदलायचे आहे असे समजा. गाव प्रथम कामाच्या खर्चाचा अंदाज मागवते, मग केंद्राच्या ‘ग्रामीण भागांसाठी साधनसामग्री अनुदाना’साठी प्रीफेक्टकडे, शिवाय जिल्ह्याकडे आणि प्रांताकडे वेगवेगळे अर्ज करते. सर्व अनुदाने मिळाली तरी सामान्यतः किमान २० टक्के वाटा गावाने स्वतः उचलावा लागतो. मंजुरीच्या आधी काम सुरू केले तर अनुदान हातचे जाऊ शकते, म्हणून गळके छप्पर ताडपत्रीखाली आणखी एक हिवाळा काढते. कामावर भरलेल्या व्हॅटचा बहुतेक भाग, म्हणजे करासह खर्चाच्या १६.४०४ टक्के, नंतर परत येतो. तोवरची तूट भरून काढण्यासाठी गाव तात्पुरते कर्ज घेते. पन्नास हजार युरोंचे काम दोन वर्षे चालते, त्याचे कारण गवंडी क्वचितच असतो.

पाणी, कचरा आणि रस्ते ही कामे गावच करते का?

एकट्याने फारच कमी. जवळजवळ प्रत्येक कम्यून ‘कम्यूनांच्या समूहा’ची सदस्य असते. १९९२ मध्ये ही रचना आली आणि २०१५ च्या कायद्याने समूहाची किमान वस्ती डोंगरी आणि विरळ भागांतील सवलती सोडता १५ हजार ठरवली. कचरा आणि आर्थिक विकास समूहाकडे गेले. पाणी आणि सांडपाणीही २०२६ पर्यंत सक्तीने जाणार होते; लहान गावांच्या विरोधामुळे एप्रिल २०२५ च्या कायद्याने ती सक्ती उठली. आपला झरा, आपली टाकी आणि आपला पाणीदर यांवर गावांचा जीव असतो.

समूहाच्या सभेत लहान गावाला बहुधा एकच मत असते. निर्णय वीस किलोमीटरवरच्या कसब्यात होतो, पण कचराकुंडी भरून वाहिली की लोक मेयरच्या दारात उभे राहतात.

शाळेचे काय?

प्राथमिक शाळेची इमारत, भोजनगृह आणि बालवर्गातील मदतनीस ही कम्यूनची जबाबदारी. शिक्षक केंद्र सरकारचे. मुले कमी पडली की अनेक गावे मिळून शाळा चालवतात: एका गावात बालवर्ग, दुसऱ्यात खालचे वर्ग, तिसऱ्यात वरचे आणि मध्ये बस. दर हिवाळ्यात पुढील वर्षी कोणते वर्ग बंद होणार याची यादी येते आणि शाळेच्या कुंपणावर फलक लागतात.

गावातले चर्च कोणाच्या मालकीचे असते?

बहुतेक ठिकाणी कम्यूनच्या. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे झाले. त्यानंतरच्या १९०७ आणि १९०८ च्या कायद्यांमुळे जुनी कॅथलिक चर्चे गावांच्या मालकीची ठरली आणि पूजाविधीसाठी त्यांचा वापर धर्मसंस्थेकडे राहिला. आल्सास आणि मोझेल तेव्हा जर्मनीत असल्याने तेथे वेगळी व्यवस्था टिकून आहे. परिणामी अनेक गावांत सर्वांत मोठा खर्च ज्या इमारतीवर होतो, तेथे महिन्यातून एकदाही प्रार्थना होत नाही. घंटाघराची एक किल्ली मेयरकडे असते, कारण संकटाच्या वेळी घंटा वाजवण्याचा अधिकार त्याला आहे.

घराच्या खिडक्यांचा रंग बदलायलाही परवानगी लागते, हे खरे आहे का?

बहुतेकदा होय. बाहेरून घराचे रूप बदलणाऱ्या कामासाठी आधी सूचना द्यावी लागते आणि साधारण एक महिना थांबावे लागते. नव्या घराच्या परवान्याला दोन महिने लागतात. संरक्षित स्मारकापासून पाचशे मीटरच्या आत घर असेल तर केंद्राच्या वास्तुतज्ज्ञाचे मत घेतले जाते. गावाचे चर्च संरक्षित असले की जवळजवळ अख्खे गाव या वर्तुळात येते. ज्या गावाने स्वतःचा विकास आराखडा केलेला नाही, तेथे राष्ट्रीय नियम लागू होतात आणि वस्तीबाहेर बांधकाम सहसा नाकारले जाते. २०२१ च्या हवामान कायद्याने २०५० पर्यंत नवी जमीन बांधकामाखाली आणणे निव्वळ शून्यावर नेण्याचे ठरवले. ओरड झाल्यावर २०२३ मध्ये ठरावीक अटींवर प्रत्येक गावाला एक हेक्टरची हमी मिळाली.

कोंबड्याच्या आरवण्यावरून खरोखर खटला झाला होता का?

झाला होता. ओलेराँ बेटावरील मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारच्या सुट्टीच्या घराच्या मालकांनी दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये रॉशफॉरच्या न्यायालयाने कोंबड्याच्या मालकिणीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी जिराँद जिल्ह्यातील गाजाक या छोट्या गावाच्या मेयरने घंटा, गायी आणि कोंबडे यांचे आवाज वारसा मानावेत असे जाहीर पत्र लिहिले होते. २९ जानेवारी २०२१ च्या कायद्याने ग्रामीण भागातील आवाज आणि वास यांना वारशात स्थान दिले. शेणाच्या वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या शहरी पाहुण्याला दाखवायला मेयरकडे आता एक कलम आहे.

गावाच्या जंगलातून सरपण मिळते का?

गावाच्या मालकीचे जंगल असेल आणि परिषदेने ठराव केला असेल तर मिळते. ‘आफुआज’ नावाची ही जुनी प्रथा पूर्व फ्रान्समध्ये, विशेषतः फ्राँश-काँते, बर्गंडी आणि लोरेन भागांत अजून जोरात आहे. राष्ट्रीय वन कार्यालयाचा वनपाल कोणती झाडे तोडायची ते खुणा करून ठरवतो. परिषद दर आणि नियम ठरवते. तीन जामीनदार जबाबदारी घेतात. मग इच्छुक कुटुंबे एका संध्याकाळी कचेरीत जमतात आणि टोपीतून किंवा डब्यातून चिठ्ठ्या काढून वाटे ठरतात. कोणाला रस्त्यालगतचा सपाट तुकडा मिळतो, कोणाला उतारावरचा, जेथून लाकूड ओढून आणताना कंबर मोडते. वाटेकऱ्याने ते लाकूड विकायचे नसते. परिषदेच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीला चार माणसे येतात. चिठ्ठ्यांच्या संध्याकाळी उभे राहायला जागा नसते.

दुकान, टपाल आणि डॉक्टर यांची सोय कशी असते?

पाव मिळणारे दुकान बंद पडले की गाव संपले, असे तेथील लोक मानतात. म्हणून अनेक कम्यून जागा विकत घेऊन, ओव्हन बसवून, ती कमी भाड्याने बेकरला किंवा किराणा, चहापान आणि तंबाखू एकत्र चालवणाऱ्याला देतात. टपालाचा गल्ला कित्येकदा गावकचेरीतच असतो आणि सचिव किंवा कम्यूनची दुसरी नोकर तो सांभाळते. पेन्शन, कर आणि आरोग्यविम्याच्या कामांसाठी ‘फ्राँस सेर्व्हिस’ नावाची २,७०० पेक्षा अधिक मदत केंद्रे देशभर आहेत. डॉक्टरांची टंचाई गंभीर आहे. आग किंवा अपघात झाला तर येणारे अग्निशमन जवान बहुधा स्वयंसेवक असतात. देशातील दर पाच जवानांपैकी सुमारे चार असे आहेत.

गावे ओस पडत आहेत का?

सरसकट नाही. शहरांच्या पट्ट्यातील गावे वाढत आहेत, तर ईशान्येकडून नैऋत्येकडे जाणाऱ्या विरळ पट्ट्यातील गावे अजून झिजत आहेत. मध्य फ्रान्समधील क्रझ जिल्ह्याची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे २ लाख ८४ हजार होती. आता ती १ लाख १५ हजारांच्या आसपास आहे. तेथील गवंडी पिढ्यान्‌पिढ्या पॅरिसला बांधकामावर जात आणि हिवाळ्यात घरी परतत. पुढे कुटुंबेच तिकडे स्थिरावली. मागे राहिलेली दगडी घरे आज अनेक वारसांच्या सामाईक मालकीत अडकली आहेत, आणि दहा वारसांच्या सह्या जमेपर्यंत छप्पर खचलेले असते.

राष्ट्रीय राजकारणात या गावांना काही वजन आहे का?

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला किमान ५०० लोकप्रतिनिधींच्या शिफारशी लागतात आणि मोठ्या पक्षांबाहेरचे उमेदवार त्या मुख्यतः खेड्यातील मेयरांकडे मागतात. शिफारस करणाऱ्यांची नावे जाहीर होत असल्याने अनेक मेयर सही टाळतात. इंधनकरावरून पेटलेल्या २०१८-१९ च्या ‘पिवळ्या जाकिटां’च्या आंदोलनात हजारो गावकचेऱ्यांत तक्रारवह्या ठेवल्या गेल्या. २०२३ च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी तार्न जिल्ह्यापासून सुरुवात करून निषेध म्हणून गावांच्या नावांचे फलक उलटे बसवले. त्या फलकापासूनच पन्नास किलोमीटरची वेगमर्यादा सुरू होते, त्यामुळे कोणी काही काळ त्याकडे डोळेझाक केली, तरी ते सरळ करणे शेवटी रस्त्याच्या कर्मचाऱ्यांकडे आले.

दर ११ नोव्हेंबरला युद्धस्मारकापुढे मेयर हुतात्म्यांची नावे वाचतो. क्रझमधील जाँत्यू गावाच्या १९२२ च्या स्मारकावर अनाथ मुलगा मूठ वळून ‘युद्धाचा धिक्कार असो’ या ओळीकडे पाहतो. तेव्हाच्या प्रीफेक्टने त्याचे उद्घाटन करण्यास नकार दिला होता.

भारतीय नागरिक असलेल्या मराठी माणसाला अशा गावात काय करता येते?

घर किंवा जमीन विकत घेता येते. त्यासाठी फ्रेंच नागरिकत्वाची अट नाही. मात्र घर घेतल्याने निवासाचा परवाना मिळत नाही, आणि तो परवाना गावकचेरी नव्हे, तर प्रीफेक्टची कचेरी देते. मतदानाचा हक्क नसतो. युरोपीय संघातील देशांचे नागरिक गावच्या निवडणुकीत मत देऊ शकतात आणि सदस्यही होऊ शकतात, पण मेयर किंवा उपमेयर होऊ शकत नाहीत. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर शेकडो ब्रिटिश सदस्यांना २०२० मध्ये पुन्हा उभे राहता आले नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

विवाह करायचा असेल तर दोघांपैकी एकाचे किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणाचे तरी घर त्या गावात असावे लागते आणि सूचना दहा दिवस कचेरीबाहेर लावली जाते. मूल शाळेत घालण्यासाठी पालकांच्या निवास परवान्याची विचारणा करता येत नाही. १९०१ च्या कायद्याखालील मंडळांत, म्हणजे उत्सव समिती, वाचनालय किंवा पेतांक (धातूच्या गोळ्यांचा खेळ) मंडळ यांत, १९८१ पासून परदेशी नागरिक कोणत्याही अडथळ्याशिवाय पदाधिकारी होऊ शकतात. जानेवारीत मेयरच्या नववर्षाच्या शुभेच्छांचा कार्यक्रम सभागृहात होतो, त्याला सर्व रहिवाशांना आमंत्रण असते आणि नव्या कुटुंबांची ओळख तेथेच करून दिली जाते.